नववीची मुलं जपानच्या वकिलातीत जाणार आहेत. प्रश्न कोणी ठरवायचे?

सेवाग्राम_रोड
नमस्कार मंडळी. मी वर्ध्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवतो. आमच्या नववीच्या बावीस मुलांना मुंबईतल्या जपानच्या वाणिज्य दूतावासात भेटीची वेळ मिळाली आहे. एक अधिकारी तासभर मुलांशी बोलणार आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणार. दोन महिने पत्रव्यवहार केला तेव्हा हे जमलं.

अडचण अशी. मी वर्गाला सांगितलं होतं की प्रत्येकाने स्वतःच्या मनातला एक प्रश्न कागदावर लिहून आणा. सण, जेवण, शाळा, भूकंप, बुलेट ट्रेन असं बरंच आलं. एका मुलीने लिहिलं, "तुमच्या देशावर दोन अणुबॉम्ब पडले. मग अण्वस्त्रबंदीच्या करारावर तुम्ही सही का केली नाही?" २०२४ चं शांततेचं नोबेल निहोन हिदानक्यो या अणुबॉम्बमधून वाचलेल्या लोकांच्या संघटनेला मिळालं. त्याची बातमी तिने कापून वहीत चिकटवली होती, त्यातून हा प्रश्न निघाला.

मुख्याध्यापकांचं म्हणणं, हा प्रश्न काढा. आपण पाहुणे म्हणून जातोय, असं विचारलं तर पुढच्या वर्षी कोणी दार उघडणार नाही. शिवाय सगळे प्रश्न इंग्रजीतच हवेत आणि आधी कार्यालयात दाखवून घ्यायचे. मुलीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "सर, खोडायचा असन तर खोडा, पन काहून खोडला ते सांगा." माझ्याकडे तिला सांगण्याजोगं कारण नाही.

तुमच्यापैकी कोणी मुलांना घेऊन अशा ठिकाणी गेलं आहे का? तुम्ही काय केलं असतं?

निळी_छत्री
प्रश्न अजिबात खोडू नका. नववीतल्या मुलीने बातमी वाचून प्रश्न तयार केला, याहून नागरिकशास्त्र वेगळं काय असतं?

अंगण
मी पालक म्हणून लिहिते. मुख्याध्यापक अगदीच चूक आहेत असं मला वाटत नाही. मुलं शाळेचं नाव घेऊन जातात. उद्या यातलाच कोणी शिष्यवृत्तीला अर्ज करील, व्हिसाला जाईल. नोंद राहिली तर? आपल्या मुलांच्या बाबतीत मन धास्तावतंच.

पेडररोडकर
@अंगण, ताई, काळजी समजते, पण प्रश्न विचारला म्हणून व्हिसा नाकारतील असं मनात आणू नका. व्हिसाचा अर्ज कागदपत्रांवर ठरतो. शाळांशी बोलणारा विभाग बहुधा माहिती आणि संस्कृतीचा असतो. लोकांना आपल्या देशाची ओळख करून देणं हेच त्यांचं काम, त्यामुळे असे प्रश्न त्यांनी शंभरदा ऐकलेले असतात.

मास्तर, थोडं व्यवहाराचं सांगतो. मुलांची नावं शाळेच्या पत्रावर आधी पाठवा, ओळखपत्रं सोबत ठेवा. दप्तरं आणि मोबाइल आत नेऊ देतात का ते आधीच विचारा. आम्ही एकदा दुसऱ्याच एका देशाच्या कचेरीत मुलांना नेलं होतं. तिथे पिशव्या बाहेर ठेवायला सांगितल्या आणि पावसात आमच्यातला एक शिक्षक तासभर अठरा पिशव्या राखत फुटपाथवर उभा राहिला. तुम्ही एक माणूस जास्तीचा न्या.

होक्काइदो_ते_हडपसर
पुण्यात मी जपानी शिकवते आणि भाषांतराचं कामही करते. दोन गोष्टी सांगते.

एक, प्रश्न मराठीत विचारू द्या. इंग्रजीची सक्ती केली की मुलं पाठ केलेलं वाक्य म्हणतात आणि उत्तर ऐकायचं सोडून पुढचं वाक्य आठवत बसतात. दुभाषाची सोय होईल का ते पत्रात विचारा, नाहीतर तुम्ही स्वतः भाषांतर करा.

दोन, प्रश्नाआधी मुलांना एवढंच जपानीत म्हणू द्या, "शित्सुमोन गा आरिमास." म्हणजे "मला एक प्रश्न आहे." नीट उभं राहून, किंचित झुकून. पुढचा प्रश्न कितीही अवघड असला तरी तो अदबीनेच पोचतो. आणि तो प्रश्न जपानी माणसाला नवा नाही. हिरोशिमा आणि नागासाकीचे महापौर स्वतःच्या सरकारला हेच विचारत आले आहेत.

दफ्तरखाना
वरच्या भाषेच्या मुद्द्याला इतिहासाची जोड देतो. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन इंग्रजांचा वकील म्हणून रायगडावर आला, तेव्हा त्याच्यासोबत नारायण शेणवी दुभाषा होता. दोन राज्यांमधलं बोलणं दुभाषामार्फत चालणं ही आपल्याकडे जुनी आणि प्रतिष्ठेची रीत आहे. मुलांनी मराठीत बोलण्यात कमीपणा काही नाही.

'वकिलात' हा शब्दही तिथलाच. पेशवाईत दिल्लीला हिंगणे वकील होते, निजामाकडे गोविंदराव काळे. त्यांची पत्रं वाचली की वकिलाचं काम कळतं. तिथलं पाहायचं, ऐकायचं, घरी कळवायचं, आणि समोर आपल्या धन्याचीच बाजू मांडायची. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून पुण्यात आला. त्याच्या उत्तेजनाने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, आणि तिथे शिकलेल्या गंगाराम तांबटाने त्याच्यासाठी वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. वकिलातीत राजकारणासोबत बाकीचंही पुष्कळ घडतं ते असं.

मांडवीकाठ
दफ्तरखाना, तांबटांवर वेगळा धागा काढा ना. इथे हरवून जाईल.

चौथा_मजला
माझ्या भाचीने तिच्या वर्गाच्या भेटीत विचारलं होतं, "इथे डबा खाल्ला तर तो भारतात खाल्ला की परदेशात?" सगळा हॉल हसला, आणि त्या अधिकाऱ्याला हा प्रश्न एवढा आवडला की पुढची दहा मिनिटं त्यावरच गेली.

जुना_कारकून
भाचीला शाबासकी द्या. तिच्या प्रश्नाचं उत्तर मोठ्यांनाही ठाऊक नसतं. डबा भारतातच खाल्ला! दूतावासाची जमीन ही त्या परक्या देशाची जमीन, हा समज सर्रास ऐकू येतो, पण तो बरोबर नाही. जमीन यजमान देशाचीच राहते. १९६१ चा राजनैतिक संबंधांचा व्हिएन्ना करार एवढंच सांगतो की ती वास्तू अभंग आहे, म्हणजे दूतावासाच्या प्रमुखाच्या संमतीवाचून यजमान देशाचे पोलीससुद्धा आत पाऊल टाकू शकत नाहीत. ते कलम २२. कलम ४१ मध्ये उलट बाजू आहे. दूतांनी यजमान देशाचे कायदे पाळायचे आणि त्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही.

मास्तर, आणखी एक फरक मुलांना सांगून ठेवा. दिल्लीत दूतावास, तिथे राजदूत. मुंबईत वाणिज्य दूतावास. त्याला १९६३ चा वेगळा करार लागू होतो आणि तिथल्या अधिकाऱ्यांचं संरक्षणही कमी असतं. राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे दूतावास न म्हणता उच्चायोग म्हणतात. कुलभूषण जाधवांचा खटला मुलांनी ऐकलेला असेल. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ ला पंधरा विरुद्ध एक मतांनी भारताची बाजू उचलून धरली, ती याच १९६३ च्या करारातल्या कलम ३६ वर. परक्या देशात पकडलेल्या माणसाला आपल्या दूतावासाशी संपर्क साधू दिलाच पाहिजे, असं ते कलम सांगतं. "वाणिज्य दूतावास करतो काय?" या प्रश्नाचं याहून जिवंत उत्तर मला सुचत नाही.

टिळकरोड_ते_टोकियो
इथे जपानमध्ये राहून अकरा वर्षं झाली. मुलांना हेही सांगा की आपला एक मराठी माणूस तिथे नगरसेवक झाला. योगेंद्र पुराणिक, २०१९, टोकियोतला एदोगावा प्रभाग. पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी हायस्कूलचे ते मुख्याध्यापक झाले. तुमच्या मुलांना त्यावरूनही प्रश्न सुचतील.

अण्वस्त्रांबद्दल मात्र थोडं थांबून विचार करावा असं वाटतं. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबातल्या आजी हिरोशिमाच्या. त्या घरात हा विषय अचानक कोणी काढत नाही. प्रश्न विचारा, पण समोर बसलेल्या माणसाच्या घरातलं कोणीतरी त्यात गेलेलं असू शकतं, हे मुलीला आधी सांगा.

रोखठोक_लातूर
माझा आक्षेप वेगळा आहे. त्या करारावर भारताने तरी कुठे सही केली आहे? २०१७ मध्ये करार झाला, जानेवारी २०२१ मध्ये लागू झाला, आणि आपण वाटाघाटींनाही गेलो नव्हतो. आपल्याकडे तर स्वतःची अण्वस्त्रं आहेत. १९९८ च्या पोखरणनंतर जपानने आपली नवी मदत थांबवली होती, निर्बंध उठले २००१ मध्ये. त्या अधिकाऱ्याने शांतपणे "आणि तुमचं काय?" एवढंच विचारलं तर ती पोरगी काय करणार? तिला तोंडघशी पाडू नका. प्रश्न बदला.

निळी_छत्री
@रोखठोक_लातूर, मुद्दा बरोबर आहे, पण त्यावरून प्रश्न बदला असं मला वाटत नाही. तिला हे सगळं आधी सांगा, मग ठरवू द्या.

रोखठोक_लातूर
हे चालेल. माहिती दिल्याशिवाय पाठवू नका, एवढंच माझं म्हणणं.

सेवाग्राम_रोड
सगळ्यांचे मनापासून आभार. रोखठोक, तुमचा प्रतिसाद मी तिला जसाच्या तसा वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "विचारतोच मी."

मुख्याध्यापकांशी परत बोललो. होक्काइदो यांचा आणि पेडररोडकरांचा प्रतिसाद छापून नेला होता. शेवटी ते एवढ्यावर तयार झाले की तो प्रश्न सर्वांत शेवटी घ्यायचा, वेळ उरला तर. मराठीलाही परवानगी मिळाली.

आश्रमवाट
अहो मास्तर, तुम्ही वर्ध्याचे आणि एवढी मोठी गोष्ट विसरलात! माझं बालपण सेवाग्रामात गेलं. आश्रमातली संध्याकाळची प्रार्थना "नम्यो हो रेंगे क्यो" या जपानी ओळीने सुरू होते. तुमच्या मुलांपैकी निम्म्यांना ती तोंडपाठ असेल, अर्थ मात्र कोणाला ठाऊक नसेल.

निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्खू १९३३ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या पंथाचा एक भिक्खू सेवाग्रामात राहत असे, ढोलक्यावर ताल धरून हा मंत्र म्हणत फिरे. जपान युद्धात उतरल्यावर पोलीस त्याला घेऊन गेले. त्याची आठवण म्हणून बापूंनी ती ओळ प्रार्थनेत ठेवली. त्या काळात ब्रिटिश सरकारच्या लेखी तो शत्रूराष्ट्राचा माणूस होता, हे लक्षात घ्या. गोपुरीचा विश्वशांती स्तूपही याच पंथाचा. मुलं सहलीला तिथे शंभरदा गेली असतील.

हा प्रश्न न्या. जपानने वर्ध्याला काय दिलं हे वर्ध्याच्या मुलांनी विचारावं.

सेवाग्राम_रोड
आश्रमवाट, तुमचा प्रतिसाद वाचून मी अक्षरशः उठून उभा राहिलो. काल वर्गात विचारलं तर एकवीस हात वर आले. बाविसावा मुलगा यंदाच यवतमाळहून आला आहे.

पेडररोडकर
मग मुंबईत वरळीचं जपानी बुद्धमंदिरही दाखवा. निप्पोन्झान म्योहोजी, तुमच्या स्तूपाच्याच पंथाचं. वकिलातीपासून फार लांब नाही.

अंगण
आता मलाही हुरूप आला. भेट म्हणून काय नेताय?

सेवाग्राम_रोड
मुलांनी स्वतः कातलेली सुताची गुंडी. संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसने निघतोय. आल्यावर लिहितो.

चौथा_मजला
मोठा प्रतिसाद हवा, मास्तर. बुलेट ट्रेनचं काय झालं तेही सांगा!

सेवाग्राम_रोड
आलो. दोन दिवस झोप नाही, पण आजच लिहायला हवं, नाहीतर काहीतरी सुटेल.

आमच्यासमोर एक मध्यमवयीन अधिकारी मॅडम होत्या. सोबत तिथेच काम करणाऱ्या एक मराठी ताई, भाषांतराला. दप्तरं आणि फोन बाहेरच राहिले, पेडररोडकर, तुमच्या सूचनेने दोन माणसं जास्तीची नेली म्हणून निभावलं.

सुरुवात अडखळत झाली. पहिल्या मुलाने "शित्सुमोन गा आरिमास" म्हटलं, पाठोपाठ प्रश्नच विसरला आणि रडवेला झाला. मॅडमनी त्याला सांगितलं की बस, आठवला की हात वर कर. त्याला तो अर्ध्या तासाने आठवला, भूकंपाच्या कवायतीबद्दलचा, आणि मॅडमनी उठून टेबलाखाली कसं शिरायचं ते करूनच दाखवलं.

बुलेट ट्रेनचा प्रश्न असा होता की ५०८ किलोमीटरची गाडी मुंबई-अहमदाबाद धावणार, मग वर्ध्याला का नाही. मार्ग कुठून न्यायचा हे तुमचं सरकार ठरवतं, असं त्या म्हणाल्या. मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे तुम्ही नुसते पैसे देता?" त्यावर कर्ज, तंत्र, प्रशिक्षण असं बरंच बोलणं झालं.

मग प्रार्थनेचा प्रश्न. मुलांनी नुसतं विचारायचं असं ठरलं होतं, पण एकाने सुरुवात केली आणि सगळ्यांनी म्हटलं. मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. या ओळी इथे, या मुलांच्या तोंडून ऐकू येतील असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्यांनी नीट उच्चार सांगितला, "नमु म्योहो रेंगे क्यो", आणि अर्थ, सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमन. तेराव्या शतकातल्या निचिरेन या भिक्खूने ही शिकवण दिली. "नमु म्हणजे तुमचंच नमः," असं त्यांनी सांगितल्यावर मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शब्द इथून निघाला, चीनमार्गे जपानला गेला आणि भिक्खूच्या तोंडून परत सेवाग्रामला आला. तो प्रवास त्यांनी फळ्यावर नकाशा काढून दाखवला.

भिक्खूला पोलिसांनी नेल्याची गोष्ट मुलांनी त्यांना सांगितली. त्यांना ती माहीत नव्हती. त्यांनी ती वहीत लिहून घेतली.

पाच मिनिटं उरली होती. मी मुलीकडे पाहिलं. ती उठली, झुकली, आणि आधी म्हणाली, "तुमच्या घरच्या कोणाला त्रास झाला असेल तर माफ करा." टोकियोकर, हे तुमच्यामुळे. मग प्रश्न विचारला.

मॅडमनी सरकारची भूमिका सांगितली. अण्वस्त्रं नसावीत, बनवू नयेत, देशात येऊ देऊ नयेत ही त्यांची तीन तत्त्वं. पण शेजारी अण्वस्त्रं असलेले देश आहेत, संरक्षणासाठी अमेरिकेवर विसंबावं लागतं, आणि ज्यांच्याकडे अण्वस्त्रं आहेत त्यांच्यापैकी कोणीच त्या करारात नाही. त्यांना बरोबर घेऊन पायरीपायरीने जावं असं जपानला वाटतं. आणि मग, रोखठोक, तुम्ही म्हणाला होता तेच झालं. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुमच्या देशानेही सही केलेली नाही, माहीत आहे ना?"

ती म्हणाली, "माहीत आहे. आमच्या सरकारलाही विचारीन. आज तुम्ही भेटलात म्हणून तुम्हाला विचारलं."

आणि लगेच पुढचं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

मॅडम थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की या खुर्चीत बसून मी माझ्या देशाचं म्हणणं सांगते, माझं स्वतःचं मत इथे सांगत नाही. मुलीने विचारलं, "म्हणजे ते वेगळं असू शकतं?" त्या म्हणाल्या, "कोणाचंही असू शकतं."

निघताना सूतगुंडी दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

होक्काइदो_ते_हडपसर
डोळ्यांत पाणी आलं, मास्तर. त्या पहिल्या मुलाला माझ्याकडून सांगा, त्याचं जपानी वाक्य बरोबर होतं, तेवढंच पुरे.

रोखठोक_लातूर
तिने मला उत्तर दिलं असं समजतो. प्रश्न बदला म्हणालो होतो, ते मागे घेतो.

तरी एक सांगतो. मॅडमनी स्वतःचं मत सांगायला हवं होतं. मुलांसमोर माणूस म्हणून बोलायला काय हरकत होती?

दफ्तरखाना
मला ते पटत नाही. वकिलाने धन्याचं सोडून स्वतःचं सांगितलं तर त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. उद्या तो काय बोलतोय ते कोणाच्या वतीने, हेच कळणार नाही. मॅडमनी मुलांना त्या खुर्चीचा अर्थ दाखवला, आणि मत वेगळं असू शकतं हेही झाकलं नाही. खुर्ची न सोडता याहून मोकळं बोलता येत नाही.

निळी_छत्री
मला रोखठोक यांचंच थोडं पटतंय. नियम समजतो, पण चौदा वर्षांच्या मुलीने विचारलं होतं.

सेवाग्राम_रोड
परतीच्या गाडीत मुलांमध्ये हाच वाद भुसावळपर्यंत चालला होता. दोन तट पडले. शेवटी टीसीने दिवे बंद करायला सांगितले. मी मध्ये पडलो नाही.

मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, सूतगुंडी घेतानाचा फोटो आहे का? फोटो नाही, फोन बाहेर होते. पुढच्या वर्षीचं पत्र मात्र त्यांनी स्वतः लिहायला घेतलंय.

आता नवीन काम. मुलीने "आमच्या सरकारलाही विचारीन" म्हटलंय आणि ती ते विसरायला तयार नाही. परराष्ट्र मंत्रालयाला पत्र लिहायचं म्हणते. उत्तर येण्याची काही वाट आहे का?

जुना_कारकून
पत्र लिहाच, पण त्याची एक प्रत तुमच्या खासदारांनाही द्या. खासदाराला लोकसभेत अतारांकित प्रश्न विचारता येतो. त्याचं उत्तर मंत्रालयाला लेखी द्यावंच लागतं आणि ते कामकाजात छापलं जातं. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्या, कारण प्रश्नाची सूचना पंधरा दिवस आधी लागते. प्रश्न एकाच विषयावर आणि थोडक्यात हवा, मत मांडू नका, नाहीतर तो स्वीकारला जात नाही.

अंगण
मसुदा इथे टाका, आम्ही वाचू. हवं तर इंग्रजी मी करून देते.

होक्काइदो_ते_हडपसर
आणि त्या मॅडमना आभाराचं पत्र जपानीत हवं असेल तर माझ्याकडे पाठवा.

सेवाग्राम_रोड
शनिवारी शेवटच्या दोन तासिका त्यालाच ठेवल्यात. दोन्ही पत्रं मुलं आधी मराठीतच लिहिणार आहेत, झाली की इथे टाकतो. यवतमाळच्या मुलालाही आता ती ओळ पाठ झाली आहे.